ताई, बटण सोड

४ मे

प्रिय साडूबुवा,

चष्मा पोचला. डबीत चष्म्याखाली दडवलेल्या गोळ्याही पोचल्या. मला चष्मा लागत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण दर महिन्याला टपालाने एक चष्मा येतो म्हटल्यावर थोरलीला संशय नको, म्हणून मी तो जेवताना लावून बसतो. या खेपेच्या काचांतून ताटातला बटाटा भोपळ्याएवढा दिसतो. पुढच्या वेळी कृपा करून साध्या काचा घाला.

गोळ्या दंतवैद्य शहरातून मागवून देतात, ही थाप मी अजून चालू ठेवली आहे. त्यांच्या पेशंटच्या कवळ्या मी करतो आणि त्या बदल्यात ते माझ्या बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं बघतात, असं तिला सांगितलं आहे. काल तिने विचारलं, "दातांच्या डॉक्टरला रक्तदाबातलं काय कळतं?" मी तोंडात घास असल्याचं सोंग केलं. खरं सांगायची सोयच नाही. गोळ्या धाकट्या बहिणीच्या दुकानातून येतात असं कळलं तर ती त्या खिडकीतून भिरकावून देईल, आणि आमच्या गावातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानात त्या मिळत नाहीत.

हे आपल्या हौशी बिनतारी रेडिओवर बोलता येत नाही. आपल्या सेटवरचं सगळा जिल्हा ऐकतो, आणि घरगुती बोलायला आपल्या मंडळाच्या प्रमुख बाईंची सक्त मनाई. फोन करावा तर आमच्याकडे फोन थोरली उचलते. म्हणून हे पत्र. रोज सकाळी आपण दोघं बिनतारी भेटतो, हवामान सांगतो, आवाज कसा येतोय ते विचारतो, आणि मनातलं सांगायला पोस्टाची पेटी गाठतो. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

त्या जेवणाला आता वर्ष होईल. तुम्ही तिथे होतातच, पण मला ते पुन्हा कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. धाकटी हसत हसत म्हणाली होती, "ताई, भावजी साऱ्या जगाशी बोलतात, कारण घरात तू त्यांना बोलू देत नाहीस." सगळे हसले. थोरली माझ्याकडे वळली. "खरं आहे का हो हे?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात तीच सगळ्यांना म्हणाली, "बघा, नाही म्हणतायत." मग जे हसू उसळलं त्यात ती ताटावरून उठली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

धाकटीच्या बोलण्याचं मला स्वतःला काही वाईट वाटलं नाही, हे फक्त तुम्हालाच लिहू शकतो. वाईट याचं वाटतं की थोरली हल्ली दुपारभर फोनजवळ खुर्ची टाकून विणत बसते. फोन वाजला की झडप घालून उचलते आणि दुसऱ्याच कुणाचा निघाला की त्या माणसावर उगाच डाफरते. काहीतरी करा. तुमचं डोकं अशा बाबतीत चालतं.

आपला,
थोरला साडू


११ मे

आदरणीय भाऊसाहेब,

काचांची गडबड माझी. एका आजोबांचा चष्मा तुमच्याकडे आला आणि तुमच्या साध्या काचा त्यांना गेल्या. ते परवा दुकानात येऊन म्हणाले, आधी दिसायचं तेवढंही आता दिसत नाही. त्यांची समजूत काढली आहे.

गोळ्यांचं काम मात्र बिनबोभाट चाललंय. माझं चष्म्याचं दुकान आणि हिचं औषधांचं, मध्ये फक्त एक दार. ही दुपारी जेवायला घरी गेली की मी आत शिरतो. ही अशी पक्की की खोकल्याची एक वडी कमी झाली तरी माझ्याकडे बघते, पण या गोळ्यांचा अजून तिला पत्ता नाही! आधी त्या वरच्या फळीवर असायच्या, स्टूल घ्यावं लागायचं. हल्ली नशिबाने गल्ल्याजवळच, हाताला येतील अशा असतात. मध्ये ताईंच्या डॉक्टरांनी ताकद वाढवली, तुम्ही मला कळवलंत, आणि मी बघतो तर नव्या ताकदीच्या गोळ्या तिथेच ठेवलेल्या. पुडीसुद्धा बांधलेली. चोरीत माझा हात बसला आहे, भाऊसाहेब. मला कधीकधी स्वतःची भीती वाटते.

ताईंचा विषय ही काढू देत नाही. मी काढला की फडकं घेऊन बाटल्या पुसायला लागते. आमच्या दुकानातल्या बाटल्या इतक्या लखलखीत कधीच नव्हत्या. गिऱ्हाइकं कौतुक करतात.

आता ऐका. जूनमध्ये आपला वार्षिक सराव आहे. पूर आला, वीज गेली, फोन गेले असं समजून दिवसभर फक्त आपल्या सेटवरून निरोप पोचवायचे. बाईंनी या वर्षी नवीन फर्मान काढलंय की प्रत्येक ठिकाणी सेट चालवणाऱ्याबरोबर एक मदतनीस हवा. चालवणाराच आडवा झाला तर काय, म्हणतात. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या पण शाळा काही सुटली नाही. आपण सगळे त्यांचा वर्ग. गेल्या रविवारी मी "बहुतेक" म्हणालो तर मला म्हणाल्या, "बहुतेक हा निरोप नाही. विचारून या."

तर मदतनीस म्हणून आपण दोघींना बसवू! आपली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. एकाने निरोप सांगायचा, आपलं बोलणं संपलं हे कळावं म्हणून शेवटी "ओव्हर" म्हणायचं, बटण सोडायचं, मग समोरच्याने तो शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा. बरोबर असला तरच पुढे. भांडायला फटच नाही. एकदा आवाज कानावर पडला की बर्फ वितळेल.

हिला मी तयार केलंय. समोर कोण असेल ते सांगितलेलं नाही.

आपला नम्र,
धाकटा साडू

ता. क. प्रत्येक निरोपाच्या शेवटी "हा सराव आहे" म्हणायला विसरू नका. मागच्या वर्षी आपला रंगारी विसरला आणि आगीचा बंब खरोखर त्याच्या दारात येऊन उभा राहिला.


८ जून

प्रिय साडूबुवा,

तुमची युक्ती फसली. कशी ते सांगतो.

थोरलीला मी म्हणालो, "मदतनीस हवाय, तुला माइकची सवय आहे." तशी ती खुलली. बसस्थानकावर तिने उभी हयात घोषणा करण्यात घालवली, हे आमच्या घरात कुणाला विसरता येत नाही. मी तिला बटण कधी दाबायचं, कधी सोडायचं ते दाखवायला लागलो तर म्हणाली, "माइक मला शिकवू नका. तुम्ही अजून शाळेत होतात तेव्हा मी गाड्या सोडत होते." हे खोटं आहे, मी तिच्याहून मोठा आहे. पण तिने मला तेवढं बोलायला सवड दिली नाही.

सकाळी ती केस नीट बांधून, चांगली साडी नेसून सेटसमोर बसली. बाईंनी हजेरी घेतली. मग तुमच्या ठिकाणाहून धाकटीचा आवाज आला, "पुलाखाली पाणी चढतंय, हा सराव आहे." थोरली ताठ झाली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पुलाखालचं पाणी. उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

पण जाताना तिने दार लावलं नाही. एरवी माझा सेट चालू झाला की दार आपटून लावते. मी मुद्दाम आवाज वाढवून ठेवला. धाकटी दिवसभर निरोप वाचत होती, छान वाचत होती, मध्येच कुणाच्या तरी चुकीला खुदकन हसली. त्या वेळी स्वयंपाकघरातून भाजी करपल्याचा वास आला. थोरलीची भाजी करपली असं मी आमच्या संसारात कधी पाहिलेलं नाही. ती करपलेली भाजी आम्ही दोघांनी मुकाट्याने खाल्ली.

माझा मदतनीस कुठे गेला असं बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "स्वयंपाकघरात पूर आलाय." बाई म्हणाल्या, "हा सराव आहे म्हणा."

गोळ्या वेळेवर पाठवा. मागची पुडी संपत आली.

आपला,
थोरला साडू


१४ जुलै

आदरणीय भाऊसाहेब,

घाईत लिहितो. वेधशाळेने मोठ्या वादळाचा इशारा दिलाय. बॅटऱ्या भरून ठेवा, एरियलच्या दोऱ्या आवळून घ्या. मी गेल्याच आठवड्यात पाठवणार होतो, पण या वेळी गोळ्या गल्ल्याजवळ नव्हत्या, माल यायचा होता म्हणे. आज दिसल्या. आजच डबी टपालात टाकतो. तुमच्याकडे यायचा एकच रस्ता आणि तो डोंगराच्या कडेने, त्यामुळे धाकधूक वाटते. ताईंकडे थोड्या तरी शिल्लक असतील ना?

बाईंनी मला वादळात छोटा सेट घेऊन शाळेतल्या निवाऱ्यावर जायला सांगितलंय. घरच्या सेटवर ही बसेल. नको नको म्हणत होती, पण काल मी पाहिलं तर माइकचं बटण दाबून सोडून, दाबून सोडून बघत होती.

सांभाळा.

आपला,
धाकटा साडू


२९ जुलै

प्रिय साडूबुवा,

टपाल आज सुरू झालं. तुमची डबीही आजच आली, पार भिजून. गोळ्यांचं पीठ झालंय. पण आता त्याची गरज नाही, कारण काय ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असणार.

वादळ तुमच्याकडे झालं तसंच इथे झालं. दरड कोसळून रस्ता गेला, खांब पडले, फोन मुके झाले. गावाबाहेर निरोप जाईल असं एकच यंत्र उरलं, ते माझ्या टेबलावर. ज्या यंत्राला थोरली डबा म्हणते त्याच्यासमोर आरोग्य केंद्राचे डॉक्टर चिठ्ठी घेऊन उभे, बसचा ड्रायव्हर उभा, बेकरीवाला उभा. बसमधली माणसं शाळेत अडकली होती, त्यांच्या घरी निरोप द्यायचे होते. पहिला दिवसभर मी बोललो. आयुष्यात एवढं कधी बोललो नव्हतो, त्यामुळे सवय नव्हती. दुसऱ्या सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. आवाज बसला तो बसलाच.

डॉक्टर घाबरले. त्यांना सलाईन हवं होतं, एका बाळंतिणीसाठी रक्त हवं होतं. मी पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं, "आवाज गेला." थोरलीने पुठ्ठा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सरका."

मी बटण दाबलं आणि तिने सुरुवात केली, "लक्ष द्या, लक्ष द्या. वरच्या आरोग्य केंद्राकडून येणारा निरोप थोड्याच वेळात सांगण्यात येईल." मी कपाळाला हात लावला. पण बाई म्हणाल्या, "हा आवाज कुणाचा? एकेक अक्षर ऐकू येतं. तुमच्या यजमानांना सांगा, बोलायचं असं." मग खालून निरोप परत वाचला तो धाकटीने. दोघींनी एकमेकींना ओळखलं. थोरलीने जास्तच कोरड्या आवाजात पुढचा निरोप सांगितला. धाकटीनेही तितक्याच कोरडेपणाने वाचला. बटणावर माझा अंगठा, त्यामुळे सगळं सुरळीत. सलाईन निघालं, रक्त निघालं, बसमधल्या माणसांची नावं पोचली. दोघी बहिणी अर्धा दिवस एकमेकींशी बोलत होत्या आणि बोलत नव्हत्या.

मग वाऱ्याने एरियल फिरलं. मला गच्चीवर जावं लागलं. माइक मी तिच्या हातात दिला, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "बोलून झालं की बटण सोड," आणि पुठ्ठा समोर उभा केला. चिंब भिजून परत आलो तर पुठ्ठा पालथा पडलेला, त्यावर चहाचा कप. थोरली माइक हातात धरून माझ्याकडे वळून तावातावाने बोलतेय. म्हणे, केव्हाची विचारतेय, उत्तरच देत नाही, अशा वेळीसुद्धा हिचा रुसवा संपत नाही. साडूबुवा, तिचा अंगठा बटणावर होता. बटण दाबलेलं असलं की समोरच्याचं काही ऐकू येत नाही आणि इथलं सगळं तिकडे जातं, हे तिला कोण सांगणार? बसस्थानकाच्या माइकवर बोलायचं असतं. त्यातून कधी कुणी उत्तर दिलेलं नाही.

मी खुणा केल्या. ती म्हणाली, "थांबा, मला बोलू द्या." आणि तिने काही घरगुती विधानं केली, ती इथे लिहीत नाही. मला ओरडायचं होतं आणि आवाज नव्हता. शेवटी मी जे संसारात कधी केलं नव्हतं ते केलं. तिचा अंगठा धरला आणि उचलला.

सेटमधून धाकटीचा आवाज आला. ती केव्हापासून तेच म्हणत असावी. "सोड. ताई, बटण सोड. ताई, बटण सोड गं. बोलू दे ना मला."

थोरलीने माइककडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग बटण दाबलं, "सोडलं" म्हणाली, आणि सोडलं.

मग धाकटी एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "निरोप. ताईसाठी. गोळ्या निघाल्या आहेत. वायरमन दरड ओलांडून घेऊन येतोय. तोवर जिना चढू नकोस, कुणावर ओरडू नकोस. हा सराव नाही." बाई म्हणाल्या, "परत वाचा." थोरलीने सुरुवात केली, "ताईसाठी," आणि तिथेच अडकली. हजारो गाड्या जिने न अडखळता सोडल्या ती त्या शब्दावर अडकली. बाई म्हणाल्या, "ऐकू आलं नाही. पुन्हा." पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तिने सगळं वाचलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण "हा सराव नाही" पर्यंत एकेक अक्षर स्पष्ट.

संध्याकाळी वायरमन आला, पुडी दिली. तिने ती कितीतरी वेळ हातात धरली आणि मग गोळी घेतली.

आता माझा प्रश्न. गोळ्या संपल्याचं धाकटीला कसं कळलं? बटण दाबलं की लागणारा आमच्या सेटचा लाल दिवा कधीचा गेलाय, त्यामुळे ते बटण किती वेळ दाबलेलं होतं कुणास ठाऊक. तुमच्याकडे नक्की काय ऐकू आलं ते कळवा. वादळात फारसं काही आलं नसेल अशी आशा करतो.

आपला,
थोरला साडू


५ ऑगस्ट

आदरणीय भाऊसाहेब,

सगळं ऐकू आलं.

मी निवाऱ्यावर होतो. माझ्या छोट्या सेटभोवती निम्मा निवारा गोळा झालेला, कारण प्रत्येकाला आपापल्या माणसांची खबर हवी होती. होडीवाले होते, नगराध्यक्ष होते, सगळे कान लावून. आणि एकदम ताई सुरू झाल्या. मध्ये बोलायची कुणाची टाप नव्हती, कारण त्यांचं बटण सुटेपर्यंत बाकी कुणाचं काही कुणाला ऐकू जाणारच नव्हतं. बाईसुद्धा गप्प. मी बाईंना गप्प कधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. पहिलं: "मेलीचा रुसवा बघा." इथे लोक हसले. दुसरं: "दातांचा डॉक्टर म्हणे! त्या पुडीला अशी दुहेरी गाठ आमच्या आईने दोघींनाच शिकवली होती, हे या माणसाला कोण सांगणार?" इथे लोक आणखी हसले आणि माझ्याकडे बघायला लागले. तिसरं त्या तुम्हाला उद्देशून म्हणाल्या: "गोळ्या परवाच संपल्यात. तिला कळवू नका हं. कळलं तर ती वेडी दरडीवरून चालत निघेल. लहानपणापासून अशीच आहे, मला ताप आला की हिचं जेवण बंद." त्यानंतर कुणी हसलं नाही. नगराध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. माझ्याच दुकानातला आहे.

आमच्या घरी काय झालं ते नंतर शेजारच्या शिंप्याने सांगितलं. हिने प्रत्येक शब्द लिहून घेतला, कारण बाईंची शिकवण तशी, जे ऐकू येईल ते लिहायचं. लिहून झाल्यावर उठली, पायात बूट घातले आणि दाराकडे निघाली. खरोखर चालतच निघाली होती, भाऊसाहेब, ताई म्हणाल्या तशीच. शिंप्याने अडवलं. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही गेलात तर त्या बटण सोडतील तेव्हा इथे बोलणार कोण?" तेव्हा दुकानातली पुडी तुमच्याकडे निघालेल्या वायरमनला द्यायला हिने शिंप्यालाच पिटाळलं, बूट तसेच पायात ठेवून परत बसली आणि "ताई, बटण सोड" सुरू केलं. तिचं बोलणं कुणालाच ऐकू जात नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी म्हणत राहिली.

गोळ्यांचं काय ते मला आता कळलं. मी परवा हिच्यापुढे कबूल केलं, "मी चोरायचो." ही म्हणाली, "चोरायचा? स्टूलावरून पडून हाडं मोडाल म्हणून खाली कुणी ठेवल्या?" डॉक्टरांनी ताकद वाढवल्याचं तिला माझ्याआधी ठाऊक होतं, तुमच्या डॉक्टरांना ती स्वतः फोन करते. भाऊसाहेब, मी चोर नव्हतोच. नुसता हमाल होतो.

ताईंना सांगू नका की सगळ्यांनी ऐकलं.

आपला,
धाकटा साडू


२३ ऑगस्ट

प्रिय साडूबुवा,

तुमचं पत्र यायच्या आधीच बिंग फुटलं. थोरली बेकरीत गेली तर बेकरीवाल्याने पावाबरोबर विचारलं, "गोळ्या चालू ना?" पोस्टमनने विचारलं, "वहिनी, जिना चढत नाही ना?" मग बसस्थानकावर एक अनोळखी ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "दातांचा डॉक्टर म्हणे!" ती घरी आली ती थेट आतल्या खोलीत गेली. मी बाहेर चुळबुळत उभा. आता फोन फेकते की सेट, एवढंच ठरायचं होतं.

तिने फोन फेकला नाही, उचलला. मी दारातून ऐकलं. "हॅलो" म्हणाली, आणि मग साडूबुवा, ती थांबली. पलीकडून धाकटी काय बोलली मला ठाऊक नाही, पण फार वेळ बोलली. थोरली नुसती ऐकत होती आणि पदराने नाक पुसत होती. शेवटी म्हणाली, "बूट घालून बसली होतीस?" आणि दोघी हसायला लागल्या ते थांबेचनात. अख्खं वर्ष खुर्ची टाकून ती ज्याची वाट बघत होती तो फोन तिने स्वतःच केला.

आता बाईंनी दोघींना परवान्याच्या परीक्षेला बसायला लावलंय. म्हणाल्या, एकीचा आवाज चांगला आहे, दुसरीचे कान चांगले आहेत, असे विद्यार्थी मला या जिल्ह्यात मिळाले नव्हते. आपल्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. दुपारी दोघी फोनवरून एकमेकींना प्रश्न विचारतात, सकाळी सेटवर सराव करतात. माझी खुर्ची गेली. माइकला थोरलीने विणलेलं गवसणीसारखं काहीतरी घातलंय. काल मी सेटकडे गेलो तर म्हणाली, "बाईंची हजेरी आहे, नंतर या." तुमच्याकडेही हेच असणार, कारण आठवडाभर तुमचा आवाज ऐकलेला नाही. तर आता पत्रंच लिहू या. चष्मे पाठवायची गरज नाही, शेवटचा मी दंतवैद्यांना देऊन टाकला.

आणखी एक. हे लिहू की नको असं वाटत होतं.

काल संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. विणकाम बाजूला ठेवलं. म्हणाली, "धाकटी त्या दिवशी जे म्हणाली होती, मी तुम्हाला बोलू देत नाही, ते खरं आहे का हो?" आणि गप्प राहिली. मी सवयीने वाट बघितली, आता हीच उत्तर देईल. नाही. मी म्हणालो, "थोडंसं." माझा आवाज अजून घोगरा आहे.

तरी ती गप्प. हात मांडीवर, डोळे माझ्याकडे. मला वाटलं, चिडली. घाबरतच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही ओव्हर म्हणाला नाहीत. मला वाटलं, तुमचं अजून बोलायचं राहिलंय."

राहिलं होतं, साडूबुवा. बरंच राहिलं होतं. दिवे लागायची वेळ झाली तरी मी बोलतच होतो.

आपला,
थोरला साडू